मधोमध अंधार

सीताफळं आली. परवा कॉलेज सुटल्यावर बीडच्या स्टँडबाहेर टोपल्या मांडलेल्या दिसल्या आणि मी रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चालायला लागले. सीताफळाला घाबरून रस्ता बदलणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच असेन. टोपलीमागच्या मावशीनं तेवढ्यात हेरलंच. "घ्या की म्याडम, डोळे उघडल्यालं फळ हाय." सीताफळ तोडायला आलं की त्याच्या खवल्यांमधल्या रेघा रुंदावतात, पांढरट होतात. त्याला आमच्याकडं डोळे उघडणं म्हणतात. असं फळ घरी आणायचं, दोन-तीन दिवस धान्यात पुरून ठेवायचं. मला हे कुणी सांगायला नको, मी पाटोद्याची. आमच्या माळावर माणसानं लावलेलं सगळं रुसतं आणि हे न लावता येतं.

दर वर्षी ठरवते, यंदा खायचं. नवरात्र उठतं, उन्हाला ती पिवळट धार येते, वर्गात पोरं डब्याबरोबर सीताफळं आणतात आणि प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये काळ्याभोर बिया सापडतात. मी पोरांवर उगाच ओरडते. त्यांना वाटतं मॅडमला कचऱ्याचा राग आहे. राग माझा माझ्यावर आहे, तो त्यांना कसा सांगणार. अण्णांना जाऊन तीन वर्षं होतील यंदा. माणूस गेल्याचं दुःख कधीतरी निवळतं म्हणतात. माझं निवळत नाही, कारण त्यात माझी चूक विरघळलेली आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. पाटोद्याच्या स्टँडासमोर आमचं चष्म्याचं दुकान होतं. एक फळी, एक आरसा, काचेच्या कपाटात फ्रेमा आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वरचं अक्षर ताटलीएवढं आणि खालची ओळ मुंगीएवढी. अण्णा डॉक्टर नव्हते. नंबर काढायचे, काचा बसवायचे. हल्ली काचा शहरातून तयार येतात, पण त्यांनी उमेदीची वीस वर्षं काचा हातानं घासल्या होत्या. दुकानाच्या मागच्या खोलीत ते चाक अजून होतं. आधी कुरुंदाची पूड, मग बारीक पूड, मग शेवटी ओल्या फेल्टवर, म्हणजे जाड लोकरी कापडावर, लाल पावडर. लहानपणी माझे सगळे फ्रॉक त्या लाल पावडरीनं डागलेले असत. आई मी दहावीत असताना गेली, त्यानंतर मी शाळेतून थेट दुकानातच यायची आणि त्या चाकाशेजारी बसून अभ्यास करायची.

बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतली माणसं चष्म्याला यायची. एकदा एका आजींना अण्णांनी तक्त्यासमोर बसवलं. "दिसतंय का आजी?" "दिसतंय की लख्ख." "मग सांगा बरं हे काय हाय?" आजी म्हणाल्या, "आरं लेकरा, दिसतंय, पर मला वाचता कुठं येतंय?" अण्णा हसून हसून खुर्चीतून खाली यायचे राहिले. मग त्यांनी आजींसाठी कागदावर बैल, बादली, छत्री अशी चित्रं काढली, लहान होत जाणारी. असा माणूस. लोकांचा डोळा ओळखणं हाच त्यांचा जन्मभराचा धंदा होता.

दुकानासमोर सलीमचाचांचा फळांचा गाडा. उन्हाळ्यात टरबूज, पावसाळ्यात केळी, आणि हे दोन महिने फक्त सीताफळ. चाचा आणि अण्णा एकमेकांच्या समोर पस्तीस वर्षं बसले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चाचा एक फळ फोडून अर्धं अण्णांना आणून देत. अण्णा ते खात नसत. ते चमच्यानं गर काढत, एकेक बी सोडवून बाजूला ठेवत, आणि बिनबियांच्या गराची वाटी माझ्यापुढं सरकवत. कॉलेजात जायला लागले तरी हे चालूच होतं. मला सीताफळाला बिया असतात हे माहीत होतं, पण तोंडात कधी लागल्या नव्हत्या.

भिंगांच्या घरात वाढलेली पोरगी प्रकाशाकडं वळली यात नवल काहीच नाही. माझं काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. उजेड भिंगानं एका ठिकाणी गोळा केला की मधोमध सगळ्यात लख्ख ठिपका मिळतो. लहानपणी ज्यानं भिंगानं कागद जाळलाय त्याला हे माहीत आहे. मला उलटं हवं होतं. लेझरचा उजेड जिथं गोळा होतो नेमका तिथंच, मधोमध, अंधार हवा होता. काही क्रिस्टल असे असतात की त्यांच्यात एका ठरावीक दिशेनं किरण सोडला तर तो शंकूसारखा फुलतो आणि बाहेर येताना उजेडाचं पोकळ कडं होऊन येतो. आत काळं. त्या जागेच्या थोडं पुढं आणि थोडं मागं उजेड पुन्हा मिटतो. म्हणजे अंधाराची एक बंद डबी तयार होते, चहूबाजूंनी उजेडाच्या भिंती असलेली. त्या डबीत काजळीचा एखादा कण सोडला तर तो तिथंच तरंगत राहतो. बाहेर निघायला बघतो आणि उजेड त्याला परत आत ढकलतो. पीएचडीची चार वर्षं मी तो अंधार आणखी काळा कसा करता येईल यात घातली. खडीसाखरेचा खडासुद्धा याच जातीचा असतो असं मी अण्णांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मंजी देवाम्होरं ठिवतो त्यो परसादच की."

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी माझ्या हातून क्रिस्टल पडला. करंगळीच्या पेराएवढा खडा, बाहेरून मागवलेला. मी तो पुसत होते आणि मैत्रिणीनं काहीतरी विचारलं म्हणून मान वळवली, एवढंच. एक कोपरा उडाला आणि एका तोंडावर, किरण शिरतो त्या सपाट बाजूवर, आडवा ओरखडा गेला. शेवटचं वर्ष होतं. नवीन यायला सहा महिने, आणि तोवर माझी मुदत संपणार होती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि मग अण्णांना फोन केला. लहानपणापासूनची सवय, काही फुटलं की अण्णांकडं न्यायचं. मी सांगितलं, एक तोंड परत सपाट घासायचंय, आरशासारखं. पलीकडं जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "घिऊन ये. बघू." ती मधली शांतता मी तेव्हा ऐकली नाही. आता रोज ऐकते.

कापसात गुंडाळलेला खडा औषधाच्या डबीत घालून, डबी मुठीत धरून मी एसटीनं पाटोद्याला आले. अण्णांनी तो हातात घेतला, चारी बाजूंनी बोट फिरवलं आणि मग खालच्या ओठाला लावला. काच घासून गुळगुळीत झाली का हे ते नेहमी ओठानं बघत. "बोटाला जे कळत न्हाई ते ओठाला कळतंय," म्हणाले. "हाय जमण्यासारखं." मला वाटलं दोन दिवसांचं काम. बारा दिवस लागले.

ते बारा दिवस म्हणजे माझा तो मोसम. खोलीत चाकाची घरघर, लाल पावडरीचा ओला वास, बाहेरून सीताफळाचा गोड वास, आणि मधेच सलीमचाचांची हाक. खडा पितळेच्या कड्यात राळेनं बसवलेला. अण्णा तो फेल्टवर आठाच्या आकारात फिरवायचे, पुन्हा पुन्हा, हजारदा, आणि बघायचे मात्र दाराकडं. मला आधी गंमत वाटली, मग काळजी, मग चीड. इतका महागामोलाचा खडा आणि हा माणूस रस्त्यावरच्या जीपा मोजतोय. तिसऱ्या दिवशी मी बोललेच.

"लक्ष कुठंय अण्णा तुमचं? खड्याकडं बघा ना."

"हात बघायलेत की," ते म्हणाले. "डोळ्याला कावून तरास द्यायचा?"

तेच त्यांचं माझ्याशी बोलताना. माझ्या कानाकडं बघायचे, खांद्याकडं बघायचे, कधी माझ्या मागच्या कपाटाकडं. त्याच दिवसांत युसूफ वडगाव नावाच्या गावातल्या एका स्थळाला मी परस्पर नकार कळवला होता. चांगली माणसं होती, अण्णांच्या ओळखीची. त्यांना वाईट वाटलं असणार आणि ते तोंडानं बोलणार नाहीत, म्हणून नजर चुकवतायत, असं मी मनाशी पक्कं धरलं. एका दुपारी विचारलं.

"माझ्यावर रागावलात का?"

"न्हाई बाई. कशापायी?"

"मग माझ्याकडं बघत का नाही?"

ते खडा फिरवायचे थांबले. माझ्या डाव्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाले, "तुझ्याकडंच बघायलोय की, नंदे."

मी मान उडवून बाहेर चाचांच्या गाड्यापाशी जाऊन उभी राहिले. केवढा तो माझा तोरा. माणूस खरं सांगत होता.

आता आठवायला बसलं की सगळं ओळीनं समोर येतं. कपात चहा ओतताना तो बशीत गेला. तांदूळ निवडायचे ते मी येईपर्यंत तसेच पडून राहिलेले. पेपर आला की म्हणायचे, "वाचून दाखव, तेवढाच तुझा आवाज कानाव पडंल." एकदा विचारलं, "त्या दाराची चौकट मधी वाकल्यागत झालीय का गं?" मी चौकटीला पट्टी लावून बघितली. भौतिकशास्त्राची हुशार विद्यार्थिनी. सांगितलं, "नाही हो, अगदी सरळ आहे." सरळ रेघ मधोमध वाकडी दिसायला लागणं याचा अर्थ काय हे कोणत्याही डोळ्याच्या पुस्तकाच्या पहिल्या चार पानांत असतं. आणि एका दुपारी सीताफळाची वाटी पुढं आली, मी चमचा तोंडात घातला आणि दाताखाली बी आली. मग दुसरी. वाटीत निम्म्याच्या वर बिया होत्या. मी म्हटलं, "आता हे पण नीट करायचं सोडलं का?" मी बिया थुंकत राहिले.

अगदीच काही मनात आलं नाही असं नाही. बशीतला चहा बघून एकदा आलं. म्हटलं, "बसा बरं खुर्चीत, आज मी तुमचे डोळे तपासते." अण्णा हसले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले, पुठ्ठ्यानं एक डोळा झाकला. मी लाकडी छडी घेऊन तक्त्यापाशी उभी. वरच्या ओळीपासून सुरुवात केली. अण्णा धडाधड वाचत गेले. शेवटच्या मुंगीएवढ्या ओळीवर आले. "ग, त, म, ल..." मग थबकले. मान जरा पुढं काढली, डोळा बारीक केला. "प का फ? थांब. फ हाय. फ, र." दुसऱ्या डोळ्यानं तसंच. मी छडी ठेवली आणि म्हटलं, "अण्णा, वीस वर्षांच्या पोराची नजर आहे तुमची." ते म्हणाले, "मग? चष्म्याच्या दुकानात बसतो म्या, येरवाळी डोळे जाऊन कसं चालंल?" मी निश्चिंत झाले. ज्या तक्त्यासमोर त्यांनी चाळीस वर्षं माणसं बसवली, ज्याची प्रत्येक ओळ रोज दहा तोंडांतून ऐकली, तोच तक्ता मी त्यांना वाचायला लावला होता. आणि त्यांनी पेशंट करतात तसं अडखळूनही दाखवलं, मला खरं वाटावं म्हणून.

बाराव्या दिवशी दुपारी खडा ओठाला लावून ते म्हणाले, "झालं." मी सोबत आणलेला लहान लेझर मागच्या खोलीत टेबलावर बसवला, भिंगं लावली, खडा धरला. दुकानाचं शटर खाली ओढलं. खडा केसाएवढा इकडं, केसाएवढा तिकडं करता करता तासभर गेला आणि मग भिंतीवर चुन्याच्या रंगावर ते उमटलं. लाल, पोकळ, गोल कडं. काठ स्वच्छ, कुठं डाग नाही, ओरखडा नाही. आत गच्च काळोख. लॅबमध्ये नवा होता तेव्हाही या खड्यानं इतकं नितळ कडं दिलं नव्हतं. मी लहान पोरीसारखी अण्णांचा हात धरून त्यांना भिंतीपाशी नेलं. "बघा अण्णा. कड्याच्या आत बघा, मधोमध."

ते बघत उभे राहिले. तोंड भिंतीकडं, पण जरा तिरकं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हाय. मधी काळं, भवतीनं उजेड."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. एरवी माझ्या कामाबद्दल ते "झालं का, जेवलीस का" याच्या पलीकडं विचारत नसत. त्या दिवशी विचारत राहिले.

"ह्यो अंदार वाढतो का गं?"

"वाढवला तर वाढतो. खडा जाड घेतला की कडं मोठं, आतलं काळं मोठं."

"आपोआप वाढतो का?"

"आपोआप कसा वाढेल?"

"बारका करता येतो?"

"येतो की. भिंग बदललं की येतो."

कड्याचा लाल उजेड त्यांच्या सदऱ्यावर पडला होता. मग म्हणाले, "आन भरून निघतो का? मंजी आतल्या काळ्यात परत उजेड यायचा, असं?"

मला वाटलं, अण्णांना विषय कळला. इतका आनंद झाला मला. मी उत्साहानं म्हणाले, "तेच तर होऊ द्यायचं नाहीये अण्णा. आतलं काळं भरून निघालं तर माझा प्रयोग फसला. तो काळा राहायला पाहिजे. जितका काळा तितकं चांगलं."

"हां," ते म्हणाले. "मग राहू दे."

आणि स्वतःच जाऊन शटर वर केलं. उन्हानं भिंतीवरचं कडं पुसून गेलं. बाहेर चाचा कुणाला तरी फळ दाबू नको म्हणून रागावत होते.

दिवाळी झाली, मी खडा घेऊन परत गेले. थंडी संपता संपता एका संध्याकाळी घरच्या निरांजनावर धरलेली काजळी मी त्या अंधाराच्या डबीत सोडली आणि एक कण अडकला. तरंगत राहिला, मिनिट, दोन मिनिटं, दहा मिनिटं. सगळी लॅब गोळा झाली. मी अण्णांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "मधी काळा राहिला का?" मी म्हटलं, "अगदी काळा." म्हणाले, "लई चांगलं झालं बाई." मी फोन ठेवल्यावर ते दुकानाबाहेर येऊन गाड्यापाशी बसले होते, असं चाचांनी नंतर सांगितलं.

गुढीपाडव्याला घरी जाताना अण्णांसाठी काय न्यावं? शहरात एका दुकानात नवा तक्ता दिसला, मागून दिवा लागणारा, पांढराशुभ्र, ठळक अक्षरांचा. आपला तक्ता पिवळा पडलेला, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. घेतला. बाजाराचा दिवस होता, मी पोचले तेव्हा अण्णा चाचांबरोबर चहा प्यायला स्टँडावर गेले होते. मी जुना तक्ता उतरवून गुंडाळला, नवा लावला, दिवा लावला. आल्यावर त्यांना चकित करायचं होतं. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती, त्यांनाही मी गप्प राहायची खूण केली.

अण्णा आले, खुर्चीत बसले. मी म्हटलं, "अण्णा, पेशंट घ्यायच्या आधी तुमची परीक्षा. समोरच्या तक्त्यातली शेवटची ओळ वाचा." मला वाटलं म्हणतील, अरेच्चा, हे काय नवीन.

ते समोर बघून म्हणाले, "ग, त, म, ल..." जरा थबकले. डोळा बारीक केला. "प का फ? फ हाय. फ, र."

नव्या तक्त्यावर शेवटच्या ओळीत यातलं एकही अक्षर नव्हतं.

बाकावरचा माणूस काहीतरी बोलणार होता, मी त्याच्याकडं बघितलं आणि तो गप्प बसला. दारात चाचा चहाचा पेला घेऊन उभे होते. त्यांनी तक्त्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पेला फळीवर ठेवला. "भाऊ," ते म्हणाले, "पोरीनं तक्ता बदललाय. आता सांगून टाका." अण्णांनी हात पुढं केला, हवेत चाचपला आणि माझं मनगट सापडल्यावर ते धरलं. मी तेव्हा त्यांच्या अगदी समोर उभी होते, हातभर अंतरावर, म्हणजे त्यांना न दिसण्याच्या ठिकाणी.

चाचांना आषाढापासून माहीत होतं. नंबराच्या चिठ्ठ्या तेच वाचून दाखवायचे, पुरवठादाराच्या फोनला तेच बोलायचे. मी त्यांच्यावर तोंड सोडलं, भर बाजारात. ते ऐकून घेत राहिले. "बेटा, तुझ्या बापानं मला कसम घातलीवती. त्यो लई जिद्दी हाय. म्या रोज म्हणायचो, सांगा, सांगा. त्यो म्हणायचा, तिचा खडा होऊ दे आधी."

शहरातल्या डॉक्टरबाई माझ्याहून लहान असतील. त्यांनी अण्णांच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो संगणकावर दाखवला. केशरी गोल आणि बरोबर मधोमध डाग. बाजूचं सगळं शाबूत. "मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं," त्या मला समजावून सांगत होत्या, सावकाश, अडाण्याला सांगावं तसं, आणि ते बरोबरच होतं. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, डावा आधीच गेला असावा. उजव्याला दिवाळीच्या सुमारास इंजेक्शनं सुरू केली असती तर बराचसा राखता आला असता. मी विचारलं, नक्की का? म्हणाल्या, नक्की असं काही सांगता येत नाही. मला ते नक्की कळलं असतं तर बरं झालं असतं, कुठल्याही बाजूनं.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी, अण्णा शेजारी. मग मी म्हटलं, "का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू काम टाकून आली असतीस."

"आले असते."

"मग?" ते म्हणाले, जणू सगळं त्यात आलं.

मला त्यांचा इतका राग आला की दोन स्टॉप जाईपर्यंत मी त्यांच्याकडं पाठ करून बसले. बाहेर बघत रडत होते. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, केसांवरून फिरला, कानाच्या पाळीशी थांबला, खडा तपासावा तसा. ओठ लावून बघायचे तेवढे राहिले होते.

पीएचडी झाली. प्रबंधात मी एक आकडा दिलाय, त्या अंधारात किती कमी उजेड शिरला त्याचा. परीक्षकांनी त्या आकड्याचं फार कौतुक केलं. मला तो आकडा बघवत नाही. अर्पणपत्रिकेत अण्णांचं नाव आहे. ते पान मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "सलीमभाईचं बी टाकायचं व्हतं."

नोकरी मी मुद्दाम बीडला घेतली, दर शनिवारी पाटोद्याला जाता यावं म्हणून. दोन वर्षं मिळाली तशी. अण्णा तिरकं बघण्यात तरबेज झाले होते. मी समोर बसले की म्हणायचे, "जरा बाजूला सरक, मंजी तू दिसशील." मी सरकायची. मग ते माझ्याकडं नव्हे, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघत हसायचे. कुणी परका आला की त्याला वाटायचं, म्हातारा भलतीकडंच बघतोय. त्यानंतरच्या थंडीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेले. चाचा गाडा तसाच उघडा टाकून खांदा द्यायला आले होते.

दुकान अजून आमच्याकडंच आहे, बंद. चावी चाचांकडं असते. परवा टोपल्या चुकवून घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली आणि रविवारी मी पाटोद्याला गेले. चाचांनी न विचारता एक फळ फोडलं, अर्धं हातात दिलं, शटर उघडून दिलं. मी चाकाशेजारी बसून चमच्यानं गर काढला, एकेक बी सोडवत. किती वेळ लागतो हो त्याला. कितीदा बी निसटते. बोटं चिकट होतात, गर काळा पडायला लागतो. एवढा वेळ तो माणूस दर दुपारी माझ्यासाठी बसत होता आणि मी समोर पुस्तक उघडून, मान वर न करता वाटी ओढून घेत होते. वाटी भरली तशी मी तिच्याकडं बघत बसले. खाणार होते. घास तोंडापर्यंत गेला नाही. शेवटी ती वाटी नेऊन चाचांना दिली, त्यांचे दात आता राहिले नाहीत.

तक्ता होता त्या खिळ्यावर अण्णांचा फोटो लावलाय. शेवटच्या वर्षीचा, याच दिवसांतला. खुर्चीत बसलेत, हातात अर्धं सीताफळ, आणि नजर उजवीकडं कुठंतरी दाराबाहेर. आत्यानं बघून नाक मुरडलं होतं. "दुसरा न्हाई का फोटू? कुणीकडं बघायलाय त्यो? समोर बघाय लावायचं व्हतं की." फोटो मोबाइलवर मी काढला. काढताना माझ्या तोंडून सवयीनं निघूनही गेलं होतं, "इकडं बघा अण्णा," आणि मी जीभ चावली होती. ते हसले, मान थोडी वळवली, दाराबाहेर नजर लावली आणि म्हणाले, "हां, आता काढ. आता दिसायलीस."